हट्ट, भोकाड आणि आपण मोठी माणसं: मुलांना स्वतःला सावरायला कसं शिकवायचं

मी पाळणाघर चालवते. दीड ते सहा वर्षांची मुलं दिवसभर असतात आणि संध्याकाळी न्यायला येणारे आईबाबा, आजीआजोबा हमखास एक प्रश्न विचारतात, की ताई हा तुमच्याकडे एवढा गुणी राहतो मग घरी आल्याआल्या का थयथयाट करतो. दारात चपला घालता घालता याचं उत्तर देता येत नाही म्हणून इथे नीट बसून लिहितेय. आजीआजोबांनी आणि सांभाळणाऱ्या मावशींनीही वाचावं, कारण दिवसातला मोठा वेळ मूल त्यांच्याजवळ असतं.

तर घरी का, याचं उत्तर आधी. दिवसभर मुलाने स्वतःला धरून ठेवलेलं असतं, खेळणं वाटून घेतलेलं असतं, नंबर येईपर्यंत थांबलेलं असतं, झोप येत नसताना पडून राहिलेलं असतं आणि मग आईचा चेहरा दिसला की ते सगळं सुटतं. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं, आईजवळ मोकळं होता येतं हे त्याला माहितीये एवढंच. म्हणून घरी पोचल्यावर पहिला थोडा वेळ काहीच विचारू नका. डबा संपवला का, आज काय शिकवलं, कोणी मारलं का, हे सगळं नंतर. आधी पाणी, काहीतरी पोटात, आणि मांडी. संध्याकाळची निम्मी रडारड भूक आणि थकव्याची असते असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. दोन वर्षांच्या मुलाला आपण "शांत हो" म्हणतो तेव्हा त्याला अजून न येणारी गोष्ट आपण मागत असतो. स्वतःला थांबवणं, वाट बघणं, राग आला तरी हात आवरणं ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची, आणि तो भाग पूर्ण पक्का व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. तीन ते पाच-सहा वर्षांच्या दरम्यान त्यात मोठी झेप दिसते, पण ती आपोआप येत नाही, सराव लागतो. तोपर्यंत मूल शांतपणा आपल्याकडून घेतं. आपला आवाज, आपला श्वास, आपले खांदे किती ताठ आहेत, हे सगळं ते अंगाने वाचत असतं. त्यामुळे मुलाला सावरायला शिकवायचंय तर सुरुवात मोठ्यांपासून करावी लागते, याला दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

आधी आपण

मूल भोकाड पसरतं तेव्हा आपल्याही छातीत धडधड सुरू होते, त्यात शेजारचे ऐकतायत, सासूबाई बघतायत, ऑफिसचा कॉल सुरू आहे. अशा वेळी काय करायचं ते अगदी साधं ठेवा नाहीतर आठवणारच नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेत का बघा. श्वास घ्या आणि सोडताना घेतल्यापेक्षा लांब सोडा, फूऽऽ करून, असं तीन-चार वेळा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात, हे शरीराचंच काम आहे, त्यासाठी योगाच्या क्लासला जायची गरज नाही. मग खाली बसा, म्हणजे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला या, आणि बोलायचंच असेल तर नेहमीपेक्षा हळू आवाजात. उभं राहून वरून बोललेलं लहान मुलाला फार मोठं वाटतं.

आणि घरात एक ठरवून ठेवा. माझा तोल जातोय असं वाटलं तर मी फक्त "तू बघ" म्हणेन आणि दुसऱ्याने काही न विचारता, टोमणा न मारता मुलाला घ्यायचं. नवराबायकोत, आजीआईत, मावशी आणि ताईत, कुठेही चालतं. आमच्याकडे सगळ्या ताया हे करतात आणि कोणीही त्याला कमीपणा मानत नाही.

बाळ अगदी तान्हं असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. जन्मानंतर रडणं वाढत जातं, साधारण सहा आठवड्यांच्या आसपास ते सर्वात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत उतरतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरीही बाळ तासभर रडू शकतं आणि ऐकणाऱ्याचं डोकं फिरू शकतं. तेव्हा बाळाला पाळण्यात किंवा मोकळ्या सपाट गादीवर पाठीवर ठेवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, तोंडावर पाणी मारा, कोणाला तरी फोन करा. पाच मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. पण रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, बाळ आयुष्यभराचं अधू होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला, सांभाळायला येणाऱ्या नवीन मावशींनासुद्धा, पहिल्या दिवशीच सांगा. लाजू नका.

भोकाड सुरू आहे तेव्हा

मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या दोन संशोधकांनी २००३ मध्ये दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या थयथयाटाचा अभ्यास छापला होता, आईवडिलांनी लिहून ठेवलेल्या नोंदींवरून. त्यातल्या दोन गोष्टी आम्हाला रोज उपयोगी पडतात. एक, बहुतेक तांडवं पाच मिनिटांच्या आतच संपतात, आपल्याला ती अर्ध्या तासाची वाटतात. दुसरी, त्यात राग आणि दुःख असे दोन धागे असतात, राग म्हणजे किंचाळणं लाथा मारणं फेकाफेक हे लवकर चढतं आणि लवकर उतरतं, आणि दुःख म्हणजे मुसमुसणं, कुशीत शिरू बघणं, ते सगळ्यात शेवटपर्यंत राहतं.

मग करायचं काय, तर रागाचा भर असेपर्यंत बोलणं जवळजवळ बंद. समजावू नका, का करतोयस विचारू नका, प्रश्न विचारले की राग परत चढतो हे मी रोज बघते. फक्त जवळ राहा, टोकदार वस्तू बाजूला करा, दुसऱ्याला मारत असेल तर हात हळूच धरून "मी मारू देणार नाही" एवढंच. किंचाळण्याचं रडणं झालं, आवाजातली धार गेली, की तो कुशीचा क्षण. तेव्हा हात पुढे करा. नको म्हणाला तर "मी इथेच बसलेय" म्हणून बसून राहा.

भावनेला नाव द्या पण एकाच वाक्यात. "तुला अजून खेळायचं होतं, आणि आपल्याला निघावं लागलं, राग आला." संपलं. यावर लेक्चर नको. "भाऊ किती शहाणा आहे बघ" तर अजिबात नको. रोज असं ऐकत राहिलेली मुलं पुढे फेकाफेकीऐवजी "मला राग आलाय" असं तोंडाने म्हणायला लागतात, चार वर्षांच्या पोराकडून हे ऐकलं की त्या दिवसाचा शीण जातो.

आणि भावना मान्य केली म्हणजे मागणी मान्य केली असं नाही, इथे खूप आईबाबा अडकतात. चॉकलेट नाही म्हणजे नाही. रडायला मात्र परवानगी आहे. "नाही" म्हणून झाल्यावर दहा मिनिटं रडल्यावर दिलं तर मूल पुढच्या वेळी बरोबर अकरा मिनिटं रडेल, ते त्याने आपल्याकडूनच शिकलेलं असेल. द्यायचंच असेल तर पहिल्यांदा मागितल्यावरच द्या ना.

धाक घालणं सोडा

पोलीसकाका घेऊन जातील, बागुलबुवा येईल, डॉक्टर सुई टोचतील, बाबांना नाव सांगेन. यांनी मूल गप्प होतं हे खरंय. पण ते घाबरून थिजलेलं असतं, सावरलेलं नसतं, आणि मग हरवलं तर पोलिसांकडे जायचं ही गोष्ट तुम्ही त्याला शिकवणार कशी? पडल्यावर जमिनीला हात मारून "हाट् जमीन" करणं पण तसंच, आजीच्या मायेतून येतं ते कळतं मला, पण दुखलं की कोणाला तरी मारायचं हेच त्यातून शिकलं जातं. त्याऐवजी "लागलं का, कुठे, दाखव, फुंकर घालू" यात सगळं आलं. आणि फुंकर म्हणजे लांब श्वास सोडणंच, मूल स्वतःही घालतं आपल्या गुडघ्यावर.

शब्द पाळा, आणि मागच्या दाराने जाऊ नका

यावर मला जरा जास्त लिहायचंय.

मार्शमेलोचा, म्हणजे मऊ गोड खाऊचा, प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डच्या नर्सरीत मुलांपुढे खाऊ ठेवला, आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. पुढे त्यावरून जो थांबला तो आयुष्यात यशस्वी असा गाजावाजा झाला. पण २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच जास्त मुलांवर हेच तपासलं तेव्हा घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर तो संबंध खूपच फिका पडला. म्हणून तीन वर्षांच्या मुलापुढे पेढा ठेवून त्याची परीक्षा घेऊ नका, त्यातून काही कळत नाही.

मला त्यातला खरा उपयोगाचा प्रयोग वाटतो तो सेलेस्ट किड आणि रॉचेस्टर विद्यापीठातल्या सहकाऱ्यांचा, २०१३ साली छापलेला. त्यांनी खाऊच्या आधी मुलांना चित्रं काढायला बसवलं आणि सांगितलं थांब, मी छान रंग घेऊन येते. काही मुलांना खरंच आणून दिले, काहींना येऊन सांगितलं की सॉरी, नाहीयेत. मग खाऊची चाचणी घेतली. ज्यांच्याशी शब्द पाळला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती ३ मिनिटं. म्हणजे थांबणं हे मुलाच्या अंगच्या गुणावर जितकं आहे तितकंच समोरच्या मोठ्या माणसावर विश्वास आहे का यावर आहे.

आता आपल्या घरात बघा. "उद्या नक्की बागेत नेते", "आत्ता दोन मिनिटांत येते हं", "हे खा मग मोबाईल देते", दिवसाला असे किती शब्द आपण देतो आणि विसरतो. थोडेच द्या पण पाळा. पाळता नाही आला तर सांगा, "मी नेते म्हटलेलं, पाऊस आला, तुला वाईट वाटलं, शनिवारी जाऊ" आणि शनिवारी जाच.

यातलीच मोठी गोष्ट म्हणजे मुलाचं लक्ष चिमणीकडे वळवून आईने गुपचूप कामाला निघून जाणं. घरोघरी चालतं हे आणि सांगणारे सांगतात की त्याने मूल रडत नाही. त्या वेळी नाही रडत. पण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे एकदा कळलं की ते दिवसभर पदर सोडत नाही, बाथरूमच्या दाराशी बसतं. त्यापेक्षा सांगून जा, दर वेळी तोच छोटा क्रम ठेवा, पापी, टाटा, "वरणभात खाऊन झोपून उठलास की आई येणार", आणि निघा. परत परत मागे वळू नका. रडेल, पण मागे मावशी किंवा आजी त्याला घेऊन असेल तर ते रडणं लवकर थांबतं, आणि काही आठवड्यांत बहुतेक मुलांचं पुष्कळ कमी होतं. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, म्हणून "पाच वाजता" म्हणण्यापेक्षा "दूध प्यायल्यावर" म्हणा.

सराव शांत वेळेला, आणि खेळातून

थांबण्याचा सराव करायला महागडी खेळणी लागत नाहीत. तळ्यात मळ्यात घ्या. आपण "तळ्यात" म्हणतो, मूल उडी मारतं, मग आपण मुद्दाम परत "तळ्यात" म्हणतो आणि त्याला जागेवर थांबावं लागतं, उडी मारायला निघालेले पाय आवरावे लागतात. याच आवरण्याचा सराव हवाय. चिमणी उड, कावळा उड, पोपट उड, मग मधेच म्हैस उड, आणि बोट खालीच ठेवायचं. शिवाजी म्हणतो हात वर, शिवाजी म्हणतो खाली बस, नुसतं "उभा राहा" म्हटलं तर बसूनच राहायचं. स्टॅच्यू. गाणं थांबलं की थांबायचं. आपल्या आज्यांनी यांना कधी मोठी नावं दिली नाहीत पण आवरण्याचा इतका चांगला सराव दुसरीकडे नाही.

ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या मेगन मॅक्लेलँड यांची लहान मुलांसाठीची चाचणी अगदी याच धर्तीवर आहे, डोक्याला हात लाव म्हटलं तर पायाच्या अंगठ्याला लावायचा, म्हणजे सांगितलेल्याच्या उलटं करायचं. हे पण घरी खेळा, चार वर्षांच्या पुढची मुलं खिदळतात. तीनच्या आतल्यांना उलटं जमत नाही, त्यांना नुसतं थांब आणि पळ पुरे. आणि आउट करून बाहेर बसवू नका, ज्याला थांबता येत नाही त्यालाच सरावाची जास्त गरज, तोच बाहेर बसला तर काय उपयोग.

खेळाबरोबर घरातली कामं. मटार सोलणं, मेथी निवडणं, पोळीचा छोटा गोळा लाटणं, मोजे जोडीने लावणं. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवरही त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे असं आसपास मिळणारंच साहित्य वापरलं. हात गुंतले की मन ठरतं हे तिथे रोज दिसत असणार. एका वाटीत राजमा एका वाटीत चवळी वेगळी करायला द्या, समोर बसून राहा कारण बी नाकात घालायचं वय असतं.

काम करताना मूल स्वतःशी बडबडतं, "आता हा इथे, नाही नाही, हा मोठाय." त्याला गप्प करू नका. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने जवळपास शंभर वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की आधी मोठी माणसं बोलून मुलाला वळण लावतात, मग तेच बोलणं मूल मोठ्याने स्वतःशी करतं आणि पुढे ते आत जातं, विचार बनतं. म्हणजे आज तुम्ही ज्या आवाजात बोलाल त्याच आवाजात ते उद्या स्वतःशी बोलणार आहे.

श्वासाचा खेळ पण शांत वेळेलाच शिकवा, रडताना "दीर्घ श्वास घे" म्हटलं की मूल अजून चिडतं. गरम वरणभातावर फुंकर, साबणाचे फुगे, पोटावर बाहुली झोपवून तिला श्वासाने वरखाली करणं. झोपताना रोज केलं की मग रागाच्या वेळी नुसतं "भातावर फुंकर" म्हटलं तरी आठवतं.

मोबाईल

याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नाही आणि कमी तितकं बरं. तीन-चार वर्षांच्या मुलाची झोप दुपारची धरून १० ते १३ तास. पण तासांपेक्षा मला काळजी वाटते ती रडलं की लगेच हातात मोबाईल देण्याची, कारण मग सावरायची वेळ आली की मूल स्क्रीनच मागतं, स्वतःचं काही शोधतच नाही. आणि आपला मोबाईल हाही विषय आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगात आईने बाळासमोर बसून दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला, तर बाळ आधी हसून, मग हात हलवून, मग रडून तिला परत आणायला बघत होतं. रील बघतानाचा आपला चेहरा आरशात एकदा बघा.

त्याच ट्रॉनिक यांच्या कामातून एक दिलासाही मिळतो. चांगल्या आईबाळाच्या जोडीतही सूर कायम जुळलेला नसतो, सारखा बिघडतो आणि परत जुळतो, आणि या परत जुळण्यातूनच बाळ शिकतं. म्हणून तुम्ही ओरडलात तर जग बुडत नाही. आधी शांत व्हा, मग जाऊन सांगा, "मी खूप जोरात ओरडले, तू घाबरलास. मला राग आला होता. मी परत हळू बोलायचा प्रयत्न करते." आणि पुढे "पण तू पण ना" जोडू नका, सगळं पुसलं जातं.

घरात सगळ्यांचं एकमत

पूर्ण एकमत होणार नाही, आजीचे लाड आजीचेच राहू देत, त्यानेही मूल तरून जातं. फक्त दोन-तीन गोष्टी ठरवा, मारायचं नाही, धाक घालायचा नाही, नाही म्हटलेलं दुसऱ्याने लगेच द्यायचं नाही. सांगताना मुलासमोर नको आणि चूक काढून नको. "आई, तो तुमचं माझ्यापेक्षा जास्त ऐकतो, रडला की तुम्ही त्याला कुशीत घेऊन नुसतं थोपटाल का, बोलायचं नाही, दोन दिवस करून बघू" असं म्हटलं तर ऐकलं जातं. सांभाळणाऱ्या मावशींना नियम सांगताना त्यांच्या थकव्याचंही बघा, दहा तास मूल सांभाळणाऱ्या बाईला दुपारी अर्धा तास पाठ टेकायला मिळत नसेल तर तिच्याकडून शांतपणाची अपेक्षा करणं बरोबर नाही.

कधी दाखवायचं

मूल स्वतःचं डोकं आपटून घेतं, स्वतःला चावतं, तांडव पुन्हा पुन्हा पंचवीस-तीस मिनिटं चालतं, पाच वर्षांनंतरही रोज अनेकदा होतं, बोलणं उशिरा आहे किंवा येत असलेले शब्द गेले, हाक मारल्यावर बघत नाही, यातलं काही असेल तर "मोठा झाला की सुधारेल" म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांची टीम अंगणवाडीत तपासणीला येते, तिथे सेविकाताईंना सांगून ठेवा, गरज असेल तर त्या टीमकडूनच पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत. आणि जर तुम्हालाच रोज रडू येत असेल, झोप लागत नसेल, मुलाला इजा करीन की काय अशी भीती वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात असं वाटत असेल तर आपल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगा, त्यावर उपचार आहेत आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात.